टोपाथ म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडला आलेले पाहुणे, नवीन शिकायला आलेली मुलं आणि व्हिडिओ कॉलवर "तुमच्या मागे ते पाणी कसलं गं?" असं विचारणाऱ्या मावश्या-आत्या, यांच्याकडून तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवतेय. क्रमानं वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

टोपाथ म्हणजे नक्की काय?

कालव्याच्या किंवा नदीच्या अगदी पाण्याला लागून असलेली वाट, जिच्यावरून घोडा दोर ओढत चालायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात मालानं भरलेली बोट असायची. बस, एवढंच. आज तिथे लोक कुत्री फिरवतात, पळतात, कॉफी पितात, त्यामुळे वाटतं की मुन्सिपाल्टीनं छान जॉगिंग ट्रॅक बांधलाय. पण ती वाट फिरण्यासाठी कधीच नव्हती. बोटीला इंजिन नव्हतं, इंजिन म्हणजे घोडा, आणि इंजिनाला चालायला जागा हवी म्हणून ही वाट. मोटेच्या विहिरीला बैलांसाठी जशी धाव असायची, म्हणजे ओढणाऱ्या जनावराच्या पायांसाठी मुद्दाम केलेली जमीन, तसंच हे, फक्त धाव संपते आणि बैल मागे फिरतात, इथे मात्र घोडा मैलच्या मैल पुढेच चालत राहायचा.

हा "टो" म्हणजे पायाचं बोट का?

नाही, पण खूप जणांना असंच वाटतं कारण इंग्रजीत दोन्हीचा उच्चार एकच आहे, आणि इंग्रज लोकसुद्धा कधीकधी पायाचं बोटवालं स्पेलिंग लिहून बसतात. हा "टो" म्हणजे दोर बांधून ओढणे. पुण्या-मुंबईत नो पार्किंगला गाडी लावली की जी टोइंग व्हॅन येते ना, त्यातला "टो" हाच. आणखी एक तिसरा "टो" पण आहे, जवसाच्या किंवा अंबाडीच्या आखूड धाग्यांना म्हणतात, ज्याचे दोर वळतात. दोराचा संबंध बघून काही जण टोपाथ त्यातून आला असं सांगतात, पण तो शब्द वेगळ्या मुळाचा आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही.

शब्द कुठून आला मग?

जुन्या इंग्रजीत "टोगिअन" असं क्रियापद होतं, अर्थ ओढणे, फरफटत नेणे. त्यातूनच "टो" आला, "टग" म्हणजे हिसका देऊन ओढणे हाही त्याच घराण्यातला, आणि जर्मनमधे ओढणे म्हणजे "त्सीएन" आणि रेल्वेगाडी म्हणजे "त्सूग", तेही नातेवाईकच. अजून मागे गेलं तर सगळ्या इंडो-युरोपियन भाषांची जी मूळ भाषा मानतात तिच्यातला एक धातू लागतो ज्याचा अर्थ नेणे, पुढे घेऊन जाणे, आणि लॅटिनमधे त्याचंच "दूकेरे" झालं.

आता गंमत बघा. या लॅटिन शब्दातून "ड्यूक" आला, म्हणजे पुढे नेणारा, सेनानायक. पाणी वाहून नेणारा पूल तो "ॲक्विडक्ट", तोही यातलाच. आणि इंग्लंडच्या कालवा युगाची सुरुवात ज्या कालव्यापासून धरतात तो बांधला ड्यूक ऑफ ब्रिजवॉटरनं, १७६१ साली तो सुरू झाला, जेम्स ब्रिंडली त्याचा इंजिनियर, आणि बार्टनला त्यांनी अर्वेल नदीच्या वरून कालवा नेला, चक्क ॲक्विडक्टवरून. म्हणजे बांधणारा ड्यूक, वरचा ॲक्विडक्ट आणि कडेचा टोपाथ, तिन्ही शब्द एकाच धातूचे आणि तिन्ही एकाच कालव्यावर. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, अजूनही होतो.

"पाथ" आणि आपला "पथ" एकच आहेत का?

नातं आहे पण सरळ नाही. नियमानं बघितलं तर आपल्याकडचा शब्दाच्या सुरुवातीचा "प" इंग्रजीत "फ" होतो, पितृ-फादर, पाद-फूट, तसं. मग पथ चं "फाथ" व्हायला हवं होतं, झालं नाही. म्हणून बऱ्याच अभ्यासकांचं मत असं की जर्मानिक भाषांनी (इंग्रजी, जर्मन, डच यांचं घराणं) हा शब्द फार जुन्या काळी इराणी भाषा बोलणाऱ्या लोकांकडून उसना घेतला असावा, आणि इराणी भाषा म्हणजे संस्कृतच्या सख्ख्या बहिणी. नियमानं बदलत इंग्रजीत पोचलेला शब्द हवा असेल तर तो "फाइंड" धरतात, वाट काढत सापडणे या अर्थानं. म्हणजे पाथ आपल्या पथाचा भाऊच, फक्त शेजारच्या घरात वाढलेला.

शब्द किती जुना आहे?

ओढणे जुनं, वाट जुनी, पण दोन्ही जोडून केलेला हा शब्द १८ व्या शतकाच्या शेवटाकडे लिखाणात दिसायला लागतो, म्हणजे कालवे खोदायची धूम सुरू होती तेव्हाच. त्या काळातल्या पार्लमेंटच्या कायद्यांत मात्र "टोइंग पाथ" असं पूर्ण लिहिलेलं असतं, आणि जुने बोटवाले पण टोइंग पाथच म्हणायचे. पूर्व इंग्लंडच्या दलदलीच्या भागात "हेलिंग वे" म्हणत, तो "हॉल" म्हणजे ओढणे यातून आला. हळूहळू टोपाथ जिंकला, छोटा आहे म्हणून असेल.

घोड्याच्या आधी कोण ओढायचं?

माणसं. हे फारसं कुणी सांगत नाही म्हणून जरा नीट सांगते.

कालवे व्हायच्या आधी माल नद्यांतून जायचा, आणि प्रवाहाच्या उलट जायचं असेल, वारा नसेल, शीड उपयोगाचं नसेल तर माणसांच्या टोळ्या छातीला पट्टे बांधून बोट ओढायच्या. सेव्हर्न नदीवर अशा लोकांना "बो हॉलियर" म्हणायचे. वाट अशी नसायचीच, चिखल, झुडपं, कुठे गुडघाभर पाणी, त्यातून ते चालायचे. सेव्हर्नवर घोड्यांसाठी टोइंग पाथ करायचा कायदा १७७२ ला झाला पण प्रत्यक्षात वाटा व्हायला १८०० उजाडलं, पुढच्या दहाबारा वर्षांत एकेक टप्पा झाला. घोडा आला म्हणजे माणसाची सुटका झाली हे खरं, पण त्याच माणसांची मजुरी पण गेली, ही दुसरी बाजूही खरीच आहे.

रशियात व्होल्गावर "बुर्लाक" लोक, चीनमधे यांगत्सेच्या घळीत ओढणारे, सगळीकडे हेच. टोपाथ हा शब्द ऐकायला इतका गोड वाटतो, पण त्यातलं "ओढणे" हे खरंखुरं अंगमेहनतीचं ओढणे आहे, हे विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

नदीकाठची वाट आणि कालव्याकाठची वाट, फरक काय?

कालवा कंपनीचा, जमीन कंपनीनं विकत घेतलेली, म्हणून वाट सलग आणि सपाट. नदीचं तसं नाही, काठ कुणाकुणाच्या मालकीचे, कुणी टोल घ्यायचा, कुणी जाऊच द्यायचा नाही, म्हणून थेम्सवर टोपाथ मधेच या काठावरून त्या काठावर उडी मारतो आणि तिथे घोड्याला नावेत घालून पलीकडे न्यावं लागायचं. थेम्स पाथ नावाचा जो २९४ किलोमीटरचा रस्ता १९९६ मधे सुरू झाला त्यावर चालताना अचानक नदी सोडून गावातून वळसा घ्यावा लागतो, त्यातले काही वळसे यामुळेच, नाव बंद झाली आणि वाट तुटली.

सफकमधल्या स्टूअर नदीवर तर अजून वेगळं. तिथे गुरं एका शेतातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून टोपाथवर आडवे अडसर होते आणि फाटक नाही, म्हणून बोटीच्या घोड्यांना अडसरावरून उडी मारायला शिकवलेलं असायचं. जॉन कॉन्स्टेबल या चित्रकाराचं १८२५ चं "द लीपिंग हॉर्स" चित्र बघा, त्यात उडी मारणारा घोडा कुठल्या सरदाराचा नाही, टोपाथवरचा कामाचा घोडा आहे.

एक घोडा एवढी मोठी बोट कसा काय ओढायचा?

पाण्यावर घर्षण फारच कमी, एकदा बोट हलली की हलली. पाठीवर ओझं लादलं तर घोडा साधारण सव्वाशे किलो नेतो, चांगल्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर दोनेक टन, आणि तोच घोडा कालव्यावर ५० टनांपर्यंत ओढू शकतो. हा हिशोब बघितला की कळतं एवढे डोंगर पोखरून कालवे का काढले. ब्रिजवॉटर कालवा झाल्यावर मँचेस्टरमधे कोळशाचा भाव निम्म्यावर आला असं सांगतात.

कष्ट असायचे ते सुरुवातीला. थांबलेली बोट हलवताना घोडा झटका देत नाही, तो सगळं अंग पुढे झोकून तसाच उभा राहतो, दोर ताणला जातो, पाणी टपकायला लागतं, आणि मग सावकाश, अगदी सावकाश बोट सरकते, तेव्हा कुठे त्याचा पाय पुढे पडतो. लँगॉलेनला आणि टिव्हर्टनला अजून घोड्यानं ओढायच्या बोटी पर्यटकांसाठी चालतात, तिथे हे डोळ्यांनी बघता येतं, आणि सांगते, बोटीत बसण्यापेक्षा काठावर उभं राहून पहिली दोन मिनिटं बघा.

घोडा काठावरून ओढतो तर बोट काठाला धडकत नाही?

दोर बोटीच्या अगदी टोकाला बांधत नाहीत, टोकापासून बराच मागे एक छोटा खांब असतो त्याला बांधतात, आणि मागे सुकाणूवर बसलेला माणूस (किंवा बाई, कारण पुढे पुढे अख्खी कुटुंबं बोटीवरच राहायची, बायको सुकाणूवर आणि पोरगं घोड्यासोबत) सतत थोडं पलीकडे वळवत राहतो. समोरून दुसरी बोट आली तर? एकजण घोडा थांबवतो, दोर सैल पडतो, पाण्यात बुडतो, आणि दुसरी बोट त्या बुडालेल्या दोरावरून तरंगत निघून जाते, तिचा घोडा जमिनीवर पडलेल्या दोरावरून पाय टाकून जातो. ना हॉर्न ना भांडण. अर्थात भांडणं व्हायचीच, आधी कोण थांबणार यावरून.

पुलांच्या कोपऱ्यावर त्या उभ्या-आडव्या खाचा कसल्या असतात?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न!

दोर काचून पडलेल्या खाचा आहेत त्या. टोपाथ पुलाखालून जातो, तिथे वळण असलं की ताणलेला दोर पुलाच्या कोपऱ्याला घासतो. सुती दोर, ओला, मधेमधे जमिनीवर लोळलेला, म्हणजे त्यात बारीक वाळूचे कण अडकलेले, आणि ते कणच दगड कापतात. दगड झिजायला लागला म्हणून कोपऱ्यावर लोखंडी पट्ट्या बसवल्या, तर दोरानं लोखंडही कापलं. अशा पट्टीवर हात फिरवून बघा, बोट आत जाईल एवढी खोल खाच असते, एक नाही, एकाखाली एक पाचसहा, आणि आतून इतकी गुळगुळीत की कुणी पॉलिश केलंय असं वाटावं. त्या खाचा कुठल्या कारागिरानं केलेल्या नाहीत, रोज तिथून जाणाऱ्या बोटींनी केल्यात, वर्षानुवर्षं.

लंडनच्या रीजंट्स कॅनॉलवर मॅकल्सफील्ड ब्रिज आहे, त्याला लोक "ब्लो-अप ब्रिज" म्हणतात. २ ऑक्टोबर १८७४ ला पहाटे टिलबरी नावाची बोट खालून जात होती, तिच्यात इतर मालाबरोबर बंदुकीची दारू पण होती, स्फोट झाला, बोटीवरचे तिघं गेले आणि पूल कोसळला. पुलाचे लोखंडी खांब मात्र शाबूत राहिले, मग तेच परत उभे केले, फक्त फिरवून बसवले, झिजलेली बाजू आत आणि नवी बाजू दोराकडे. मग परत दोर घासला. म्हणून आज त्या खांबांना दोन्ही बाजूंनी खाचा दिसतात, स्फोटाआधीच्या एका बाजूला आणि नंतरच्या दुसऱ्या बाजूला.

टोपाथ एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो तिथे दोराचं काय करायचे?

सोडायचा, घोडा पुलावरून न्यायचा, परत बांधायचा. पण हे वेळखाऊ, म्हणून मॅकल्सफील्ड कॅनॉलवर (हा १८३१ चा, पुलाच्या नावाशी गोंधळ नको) असे गोल वळणाचे पूल बांधले की घोडा उतारावरून वर चढतो, कालवा ओलांडतो आणि वळून त्याच पुलाच्या खालून बाहेर येतो, दोर सोडावाच लागत नाही. त्यांना "स्नेक ब्रिज" म्हणतात आणि ते दिसायला अतिशय देखणे आहेत. स्ट्रॅटफर्ड कॅनॉलवर अजून स्वस्तातला उपाय, पूल मधोमध कापलेला, हातभरही नाही एवढी फट, त्या फटीतून फक्त दोर सरकवायचा.

बोगद्यात टोपाथ असतो का?

बहुतेक जुन्या बोगद्यांत नाही, कारण रुंद खोदायचं म्हणजे पैसे. मग घोडा सोडून डोंगरावरून चालत पलीकडे न्यायचे आणि बोटीवरची माणसं फळीवर आडवी झोपून बोगद्याच्या भिंतींवर पाय मारत मारत बोट पुढे ढकलायची. "लेगिंग" म्हणतात याला. हडर्सफील्ड नॅरो कॅनॉलवरचा स्टँडएज बोगदा, १८११ ला सुरू झाला, पाच किलोमीटरपेक्षा लांब, ब्रिटनमधला सगळ्यात लांब कालवा-बोगदा, आणि त्यात टोपाथ नाही. काळोखात, थंडीत, वरून गळणारं पाणी, आणि भरलेली बोट असेल तर तीनेक तास पाय मारत राहायचं.

हेअरकॅसलला ब्रिंडलीच्या १७७७ च्या बोगद्यात टोपाथ नव्हता आणि बोटींची रांग लागायची, म्हणून टॉमस टेलफर्डनं १८२७ ला शेजारी दुसरा बोगदा टोपाथसकट काढला. त्याआधी घोडे ज्या रस्त्यानं टेकडीवरून जायचे तो रस्ता किड्सग्रोव्हमधे अजून आहे आणि त्याचं नाव आहे "बोटहॉर्स रोड". घोडे गेले, नाव पाटीवर राहिलं.

पलीकडच्या काठाला काय म्हणतात?

ब्रिटनमधे "ऑफसाइड". अमेरिकेत ईरी कॅनॉलवर "बर्म", आणि तिथेच "हीलपाथ" असाही शब्द होता, टोपाथमधल्या टो ला पायाचं बोट समजून पलीकडची ती टाच, असा विनोद. विनोदातून शब्द रूढ झाला, होतं असं कधीकधी.

"टोपाथ टेलिग्राफ" काय आहे?

बोटवाल्यांमधे तोंडोतोंडी पसरणाऱ्या बातम्या. कुठलं लॉक (बोट वरच्या किंवा खालच्या पातळीच्या पाण्यात नेणारी दरवाज्यांची टाकी) बिघडलंय, कुठे पाणी कमी आहे, कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं पोर आजारी आहे. बोट चालायची माणसाच्या चालीनं, बातमी मात्र तिच्या पुढे पोचलेली असायची. याच जगातला अजून एक शब्द "गाँगूझलर", म्हणजे काठावर उभं राहून तासन् तास बोटी बघत बसणारा रिकामटेकडा माणूस, हेन्री रोडॉल्फ द सॅलिस यांनी १९०४ च्या त्यांच्या कालव्यांच्या मार्गदर्शिकेत हा शब्द नोंदवलाय. मला स्वतःला गाँगूझलर म्हणवून घ्यायला आवडेल.

बाकीच्या भाषांत काय म्हणतात?

इथे बहुतेक भाषांचे दोन गट पडतात, काहींनी वाटेला ओढण्यावरून नाव दिलं आणि काहींनी दोरावरून. फ्रेंचमधे "शमँ द आलाज", ओढायचा रस्ता, आणि त्यांच्या कायद्यात आजही नदीकाठच्या जमीनमालकानं यासाठी ७.८० मीटर पट्टा मोकळा ठेवायची तरतूद आहे. जर्मनमधे "ट्रायडेलफाट" पण म्हणतात आणि "लाइनफाट" पण, लाइन म्हणजे दोर. स्पॅनिशमधे "कामिनो दे सिर्गा", सिर्गा म्हणजे दोर. रशियन "बेचेव्निक", बेचेवा म्हणजे परत दोरच. डच लोक "याखपाट" म्हणतात, त्यात घोडा हाकण्याचा अर्थ आहे, आणि त्यांच्याकडे घोड्यानं ओढलेल्या प्रवासी बोटी १६३२ पासून ॲमस्टरडॅम ते हार्लेम वेळापत्रकानुसार धावायच्या, रेल्वेच्या दोनशे वर्षं आधी. इटालियन "आल्झाइया", मिलानला गेलात तर नाविल्यो ग्रांदे कालव्याच्या काठच्या रस्त्याच्या पाटीवरच हे नाव दिसेल.

भारतात टोपाथ होते का? महाराष्ट्रात?

ओढणं होतं. बंगालमधे नदीकाठानं दोर ओढत नाव नेण्याला "गुण टाना" म्हणतात, आणि हा गुण म्हणजे संस्कृतातला गुण, दोर, तंतू या अर्थाचा. आपल्याला गुण म्हटलं की दहावीचे मार्क आठवतात पण शब्दाचा जुना अर्थ दोर आहे. १८५४ ला सुरू झालेला गंगा कालवा सिंचनाबरोबर बोटींसाठीही होता, आंध्र-तमिळनाडूच्या किनाऱ्यालगतचा बकिंगहॅम कालवा तर मालवाहतुकीचाच.

महाराष्ट्रात मात्र कालवे शेतीच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी. पुण्यात मुठा कालव्याच्या कडेनं जो रस्ता आहे, जिथे सकाळी लोक फिरायला जातात, तो दिसायला टोपाथ पण कामानं नाही, कारण तिथे कधी काही ओढलं नाही. ती देखरेखीची वाट, पाटकरी आणि कॅनॉल इन्स्पेक्टर यांच्यासाठी. म्हणून त्याला कॅनॉल रोड म्हणा, पाटाची वाट म्हणा, टोपाथ नका म्हणू. आणि टोपाथला मराठीत काय म्हणायचं असं विचाराल तर टोपाथच, समजावून सांगताना मी "ओढवाट" म्हणते, लहान मुलांना लगेच कळतं.

अमेरिकेतला टोपाथ वेगळा आहे का?

तिथे घोड्यांपेक्षा खेचरं जास्त. ईरी कॅनॉल १८२५ ला पूर्ण झाला, ५८४ किलोमीटर, आणि खेचरांबरोबर चालणारी पोरं अगदी लहान वयाची असायची. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले जेम्स गारफील्ड लहानपणी ओहायोत टोपाथवर कामाला होते. वॉशिंग्टन डीसीकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींना सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कॅनॉल माहीत असेलच, जॉर्जटाउन ते कंबरलंड २९७ किलोमीटर. त्यावर मोटाररस्ता करायचा घाट घातला होता, तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मधे विरोध म्हणून अख्खा टोपाथ चालून दाखवला, सोबत पत्रकारांना घेऊन, आणि १९७१ ला तो राष्ट्रीय उद्यान झाला. न्यायमूर्ती स्वतः चालतोय, केवढी मोठी गोष्ट आहे ही.

घोडे कधी गेले?

हळूहळू. आधी वाफेच्या बोटी, मग विसाव्या शतकात डिझेल. गंमत म्हणजे ओढणं तरीही संपलं नाही, इंजिनवाली बोट मागे बिनइंजिनाची बोट ओढायची, तिला "बटी" म्हणतात, फक्त दोर आता काठावरून पाण्यावर आला. १९४८ ला कालव्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे आठवडेच्या आठवडे गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूक बहुतेक तिथेच मेली.

आता टोपाथचा उपयोग फक्त फिरायला?

नाही! लंडनमधे सेंट जॉन्स वुड ते सिटी रोड या पट्ट्यात टोपाथच्या खाली ४०० किलोव्होल्टच्या विजेच्या केबल आहेत, १९७० च्या दशकाच्या शेवटी टाकलेल्या, आणि त्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी फिरवतात. म्हणजे घोडा गेला पण वाट अजून कामावर आहे. इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहेत, ३,२०० किलोमीटरच्या आसपास. एक लक्षात ठेवा, सगळे टोपाथ कायद्यानं सार्वजनिक रस्ते नाहीत, बऱ्याच ठिकाणी जायची परवानगी आहे म्हणून आपण जातो, त्यामुळे कधी दुरुस्तीसाठी बंद असला तर वाद घालू नका.

लंडनमधे एकच दुपार मोकळी आहे, कुठे बघू?

आपले लोक किंग हेन्रीज रोडवरचं आंबेडकर हाउस बघायला जातातच, जिथे बाबासाहेब १९२१-२२ मधे राहिले आणि जे महाराष्ट्र सरकारनं २०१५ ला घेतलं. तिथून प्रिमरोज हिलच्या बाजूनं चालत खाली आलात की रीजंट्स कॅनॉल लागतो. पायऱ्या उतरा, पाणी डाव्या हाताला ठेवून पश्चिमेकडे निघा. प्राणिसंग्रहालय मागे पडलं की पुढचा तो ब्लो-अप ब्रिज, खांबांना दोन्ही बाजूंनी हात लावून बघा. पुढे मेडा हिलचा बोगदा येतो, त्यात टोपाथ नाही म्हणून वर रस्त्यावर चढावं लागतं, घोडे पण असेच वरून जायचे. परत खाली उतरलात की लिटल व्हेनिस. कॅमडनच्या बाजूला गेलात तर काठाला पाण्यात उतरणारे छोटे दगडी उतार शोधा, रेल्वेच्या आवाजानं बुजून पाण्यात पडलेल्या घोड्यांना बाहेर काढायला केलेले आहेत ते. आणि वेंब्लीला ईलिंग रोडवर भाजी-मसाले आणायला जात असाल तर ॲल्पर्टन स्टेशनजवळ रस्ता ज्या पाण्यावरून जातो ते ग्रँड युनियन कॅनॉलच्या पॅडिंग्टन फाट्याचं पाणी आहे, खाली टोपाथ आहे, पिशव्या घेऊन उतरलात तरी चालेल.

सायकल चालवता येते का?

बहुतेक ठिकाणी हो, पण पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला. पुलाखाली उतरून सायकल हातात घ्या, वाट तिथे अरुंद असते, पलीकडचं दिसत नाही आणि डोकं आपटू शकतं. बेल वाजवा, हळू जा. उतारांवर विटांच्या उंच पट्ट्या असतात, घोड्याच्या खुरांना पकड मिळावी म्हणून बसवलेल्या, त्यांच्यावर पावसात टायर घसरतो, तिथे विशेष जपा.